तिच्या मायचं काही आहे का?

12 जानेवारीला, जिजाऊ जयंतीला, सिंदखेडराजात पुस्तकांच्या स्टॉलची रांग लागते. पहाटे थंडी असली तरी दुपारी ऊन चढतं, मैदानातली धूळ मांडलेल्या पुस्तकांवर बसत राहते आणि स्टॉलवाले सारखं फडकं मारत असतात. अशाच एका स्टॉलसमोर लुगड्यातली एक म्हातारी जिजाऊंवरची जाडजूड कादंबरी हातात घेऊन उभी होती. पानं उलटली, चित्रं पाहिली, मग विचारलं, "भाऊ, ह्याच्यात तिच्या मायचं काई हाये काय?" स्टॉलवाला म्हणाला, "मावशी, हे मायचंच पुस्तक हाये ना. शिवबाच्या मायचं." "तसं नाई रे बाप्पा. जिजाऊची माय. तिचं." त्यानं पुस्तक घेतलं, सुरुवातीची पंचवीस-तीस पानं भराभर चाळली आणि परत ठेवून दिलं. म्हातारी पुढच्या स्टॉलकडे गेली. प्रश्न मात्र तिथंच राहिला, आणि ऐतिहासिक कादंबऱ्या नि चरित्रं वाचणाऱ्याला तो सहज सोडत नाही.

जिजाऊंच्या आईचं नाव म्हाळसाबाई, काही ठिकाणी गिरिजाबाई. कादंबऱ्यांत तिच्या वाट्याला साधारण दोन प्रसंग येतात. एक बाळंतपण. दुसरा रंगपंचमी. जिजाऊंचे वडील लखुजी यांच्या वाड्यात लहानग्या जिजाऊ आणि शहाजी एकमेकांवर रंग उडवतात, लखुजी गमतीनं जोडा शोभतो म्हणतात, शहाजींचे वडील मालोजी तो शब्द धरून बसतात, आणि घरातून विरोध होतो तो आईचा: मालोजींचं घराणं आपल्या तोलाचं नाही. ही गोष्ट उत्तरकालीन बखरींतली आहे, म्हणजे घडल्यानंतर पुष्कळ वर्षांनी लिहिलेली. गोष्ट गोड आहे, नाट्य आहे, संवाद लिहायला सोपी आहे. म्हणून प्रत्येक कादंबरीत ती येते, आणि म्हाळसाबाई एक नकार देऊन कायमची आत जाते.

आता दोन तारखा शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात. 25 जुलै 1629, शके 1551 ची श्रावणी पौर्णिमा: दौलताबादच्या किल्ल्यात निजामशाही दरबारात लखुजी जाधवराव, त्यांचे दोन मुलगे आणि एक नातू असे चौघं एका दिवशी मारले गेले. 19 फेब्रुवारी 1630, फाल्गुन वद्य तृतीया: शिवरायांचा जन्म. उलट मोजलं तर वडील-भाऊ मारले गेले त्या दिवशी जिजाऊंना दोन-अडीच महिने गेलेले होते. कोरड्या उलट्यांचे, अन्नाचा वास नकोसा होण्याचे दिवस. आणि सिंदखेडच्या वाड्यात एका आईचा नवरा, दोन मुलं आणि नातू एकाच बातमीत गेले होते, तेही राखीच्या दिवशी. दौलताबाद ते सिंदखेड शंभर किलोमीटरच्या थोडं वर. घोडेस्वार दुसऱ्या दिवशी बातमी पोचवू शकतो. मेणे, सामान, बायकामुलं घेऊन हेच अंतर चार-पाच मुक्कामांचं होतं, आणि श्रावणात वाटेतल्या नद्यांना पाणी असेल तर त्याहून जास्त. म्हणजे बातमी येऊन पोचते आणि आपल्या माणसांपर्यंत पोचायला चार-पाच दिवस लागतात. त्या चार-पाच दिवसांवर कोणी लिहिलेलं माझ्या वाचनात नाही. रंगपंचमीवर मात्र डझनभर जण लिहितात.

माझं म्हणणं इतकंच आहे. गेल्या काळातल्या बाईवर लिहिताना प्रसंग रचण्यात हात आखडता घ्यावा आणि तिचा रोजचा दिवस रचण्यात सढळ असावा. प्रसंगाचा पुरावा बहुतेक वेळा नसतो, दिवसाचा असतो. दळण, पाणी, अंतर, ऋतू, चंद्र, वार, सण, विटाळ, बाळंतपण हे सगळं खात्रीनं सांगता येतं. आपल्याकडे नेमकं उलट होतं. संवाद पानंच्या पानं असतात आणि वाड्यात दळण कोणी दळलं ते कुठंच नसतं.

दळणाचंच घ्या. ज्वारीच्या एका भाकरीला साधारण शंभर ग्रॅम पीठ लागतं. आठ माणसांचं घर, दोन वेळा, माणशी दोन भाकरी, म्हणजे दिवसाला बत्तीस भाकरी, सव्वातीन किलो पीठ. हातजात्यावर हे पहाटेचे दोन तास सहज खातं, आणि एकटी असेल तर जास्त. ज्वारीचं पीठ शिळं झालं की भाकरी थापताना चिरते, म्हणून चार दिवसांचं एकदम दळून ठेवता येत नाही. दगड वापरून गुळगुळीत झाला की पीठ पडत नाही, भरड पडते. मग पाथरवटाकडून टाकी लावून, म्हणजे छिन्नीनं दगड खडबडीत करून घ्यायचा, आणि टाकी लावल्यावर पहिलं दळण खडीनं कचकचतं म्हणून ते बाजूला काढायचं. सरदाराच्या वाड्यात आठ नव्हे, शे-दोनशे पानं उठत असतील. तिथं राणी दळत नव्हती, दासी-कुणबिणी दळत होत्या. त्यांची जाती किती, त्या कुठं झोपत, पहाटे कोण उठवी? ज्या कादंबरीत राणी सकाळी सूर्याला अर्घ्य देते आणि मागे जात्याचा आवाज नाही, तिथली सकाळ मला खरी वाटत नाही.

तारखांचा घोळ तर फार होतो, आणि तो टाळणं अवघड नाही. शके सनाचं इसवी सन करताना लोक डोळे मिटून 78 मिळवतात. पण शकाचं वर्ष गुढीपाडव्याला बदलतं आणि इसवी सन 1 जानेवारीला, म्हणून जानेवारीपासून पाडव्यापर्यंतच्या तिथींना 79 मिळवावे लागतात. जिजाऊंचा जन्म पौष पौर्णिमा शके 1519 असा धरतात. 78 मिळवले तर 1597 येतं, 79 मिळवले तर 1598, आणि बरोबर तेच आहे. दुसरी गोष्ट: जुन्या इंग्रजी तारखा जुन्या कॅलेंडरच्या असतात. इंग्रजांनी 1752 साली कॅलेंडर बदललं. सोळाव्या-सतराव्या शतकातल्या तारखांत आजच्या मानानं दहा दिवसांचा फरक आहे. म्हणून आजच्या पद्धतीनं मागे मोजत 12 जानेवारी 1598 ला गेलं, तर त्या रात्री आकाशात चौथ-पंचमीची कोर मिळते. जन्म तर पौर्णिमेचा. दहा दिवस पुढे सरकलं की पूर्ण चंद्र सापडतो. आणि ऋतूही तिथलाच धरायचा: तुरी सोंगणीला आलेल्या, हरभरा घाट्यावर, ज्वारीला हुरडा. हे सगळं वाड्याच्या भिंतीबाहेर तेव्हाही होतं आणि आजही जानेवारीत तिथं गेलं की दिसतं.

ताटाकडे वळलं की घोळ आणखी वाढतो.

रामटेकजवळच्या नगरधनात, म्हणजे वाकाटकांच्या नंदिवर्धनात, पाचव्या शतकात प्रभावतीगुप्ता ही राणी मुलं लहान असताना कारभार पाहत होती. चंद्रगुप्त दुसऱ्याची ती मुलगी, रुद्रसेन दुसऱ्याची बायको. तिचा पुण्याला मिळालेला ताम्रपट कार्तिक शुद्ध द्वादशीचा आहे. आदल्या दिवशीची प्रबोधिनी एकादशी करून द्वादशीला दान दिलं. लेखकाला हा प्रसंग फार मोहात पाडणारा आहे: उपास सोडलेली राणी, समोर तांब्याचे पत्रे. फक्त त्या उपासाला साबुदाण्याची उसळ देऊ नये. साबुदाणा ज्या कंदाचा होतो तो, शेंगदाणा, बटाटा, मिरची, हे चारही पदार्थ अमेरिका खंडातले. पोर्तुगीज येईपर्यंत आपल्या शेतात त्यांचं नावही नव्हतं. दूध, फळं, मध, रानातली कंदमुळं एवढ्यावर भागवावं. तेच तेराव्या शतकातल्या बाईच्या ताटातल्या ठेच्याचं. तिखट लागलंच तर मिरं, पिंपळी, सुंठ. नागपूरची संत्रीसुद्धा भोसल्यांच्या काळातली. त्याआधीच्या कुठल्याही राणीच्या बागेत ती लावता येत नाहीत. तेल तिळाचं, जवसाचं, करडीचं. सोयाबीन तर परवा परवाचं आहे, पण ऐतिहासिक मालिकेत घोडे दौडतात त्या मागच्या शेतात ते हिरवंगार उभं असतं आणि वऱ्हाडातल्या कुठल्याही शेतकऱ्याला ते लगेच ओळखू येतं.

प्रभावतीवर थोडं थांबावंसं वाटतं. ताम्रपट म्हणजे दोन-चार तांब्याचे पत्रे, भोक पाडून कडीत ओवलेले, कडीला मुद्रा. मजकुराचा क्रम ठरलेला: वंशावळ, दान घेणाऱ्याचं नाव-गोत्र, गावाच्या चार दिशांच्या शिवा, कुठले कर माफ, दान मोडणाऱ्याला शाप, मिती, कोरणाऱ्याचं किंवा लिहिणाऱ्याचं नाव. चरित्रकार बहुतेक वंशावळीपाशी थांबतात. पण तिथंच पाहण्यासारखं आहे. वाकाटक घरात सून म्हणून आलेली ही बाई आपल्या लेखात आधी माहेरच्या गुप्तांची वंशावळ सांगते, आणि गोत्रही माहेरचं, धारण, सांगते. राजधानी सासरची, मुलं सासरची, शिक्का स्वतःच्या नावाचा. नगरधनच्या उत्खननात तिच्या नावाचा मातीचा शिक्का मिळाला आहे, ब्राह्मी अक्षरं आणि शंख असलेला, जेमतेम साडेतीन सेंटिमीटर लांब. तळहातावर मावणारी ही वस्तू. ओल्या मातीवर हा ठसा कोणी उमटवला, कुठल्या गाठोड्याला लावला, ते गाठोडं कोणत्या गावी गेलं, एवढ्यावरच एक अख्खं प्रकरण उभं राहू शकतं, आणि त्यात एकही खोटं वाक्य येणार नाही. दान दिलेलं दंगुण हे गाव अभ्यासकांनी हिंगणघाटच्या बाजूला ओळखलं आहे. म्हणजे शिवा मोजायला कोणी तरी काळ्या मातीतून, कार्तिकातल्या ओलीतून, पायी फिरलं असणार.

तिचा दुसरा ताम्रपट रिद्धपूरला मिळाला, अमरावती जिल्ह्यात. आणि त्याच रिद्धपूरला आठशे वर्षांनी महदंबा. चक्रधरांचे गुरू गोविंदप्रभू यांच्या विवाहाच्या सोहळ्यात तिनं धवळे, म्हणजे लग्नातली गाणी, म्हटले, मराठीतली आद्य कवयित्री म्हणून आपण तिला शाळेत एका ओळीत शिकतो. लीळाचरित्रात, म्हणजे चक्रधरांच्या आठवणींच्या महानुभाव ग्रंथात, ती सारखी प्रश्न विचारते. चक्रधरांना शंका विचारणारी, उत्तर पटलं नाही तर पुन्हा विचारणारी ही वयस्क विधवा तिथं जितकी जिवंत आहे तितकी नंतरच्या कुठल्याही चरित्रपर लेखनात दिसत नाही. कारण उघड आहे: नंतरच्यांना ती संत म्हणून हवी असते. हात जोडलेली, डोळे मिटलेली. प्रश्न विचारणाऱ्या बाईला हात जोडून बसवलं की तिच्यातलं काय उरतं? लीळाचरित्र वाचताना लक्षात येतं की त्यात खाणं आहे, चालणं आहे, पाय दुखणं आहे, रुसवे आहेत. लेखकाला हवं ते सगळं तिथं तयार आहे. एक हिराइसाही आहे, एकपाठी, म्हणजे एकदा ऐकलं की पाठ होणारी, म्हणून ओळखलेली. तिच्या स्मरणातला पाठ महानुभावांत तिच्या नावानं चालत आला. बाईच्या स्मरणावर ग्रंथ टिकला, हा विषय कादंबरीचा नाही असं कोण म्हणेल? अजून कोणी घेतला नाही.

याच्या उलट अवस्था बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांची. 1882 साली पुण्यात 'स्त्री-पुरुष तुलना' छापलं, प्रती 500, किंमत नऊ आणे. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला मूल मारल्याच्या आरोपावरून फाशीची शिक्षा झाली, त्यावर वर्तमानपत्रांतून बायकांच्या जातीलाच जो दोष दिला गेला त्याला हे उत्तर. 1885 मध्ये जोतीराव फुल्यांनी तिची बाजू घेतली. मग पुस्तक विसरलं गेलं, 1975 साली स. गं. मालशे यांनी पुन्हा छापलं तेव्हा लोकांना कळलं. तिच्या आयुष्याबद्दल हाती लागतं ते मूठभर: वडील बापूजी हरी शिंदे सरकारी कचेरीत कारकून, सत्यशोधक समाजाचे, ती एकुलती मुलगी, नवरा घरजावई. बस. इथं चरित्रकार घसरतो. मूठभर माहितीचं पोतं करायला तो नवऱ्याला खलनायक बनवतो, रात्रीचं रडणं आणतो, कंदिलाखाली लिहिणं आणतो. पुस्तक समोर असताना याची गरज नाही. त्या काळच्या कादंबऱ्या-नाटकांत बायका कशा रंगवतात यावर ताराबाई त्या पुस्तकात तुटून पडते. म्हणजे बुलढाण्यात बसून ती ही पुस्तकं मागवत होती, वाचत होती, चिडत होती. ही पुस्तकं कुठून येत होती? घाटाखाली मलकापूरला रेल्वे होती, वर बुलढाण्याला यायला राजूरचा घाट, बैलगाडीचा रस्ता, पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपास. लादलेल्या गाडीला चढाला दोन दिवस धरा. तिचं हस्तलिखितही याच वाटेनं खाली उतरून भुसावळ, कल्याण करत पुण्याला गेलं असणार. हा रस्ता आजही आहे, घाटात उभं राहिलं की खाली मलकापूरचं सपाट रान दिसतं. या प्रवासावर लिहिलेलं प्रकरण घरातल्या कल्पित भांडणापेक्षा मला कधीही जवळचं वाटेल. आणि गेल्या काळातल्या बायकांना पुस्तकांत कसं रंगवतात ही तक्रार तिनंच आधी करून ठेवली आहे, हे तिच्यावर लिहिणाऱ्यानं एकदा तरी मनावर घ्यावं.

बोलण्याबद्दल थोडक्यात. आपल्या राण्या एकाच साच्याची मराठी बोलतात, पुण्याकडच्या छापील पुस्तकातली. सिंदखेडची माहेरवाशीण घरातल्या कुणबिणीशी तशी बोलत नसणार. चार शतकांपूर्वीची वऱ्हाडी कशी होती ते नेमकं लिहिता येणार नाही आणि आजची वऱ्हाडी तिच्या तोंडी घालणंही खोटंच. मग साधं, आखूड, कमी बोलणं बरं. जिथं एकोणिसाव्या शतकातली बाई आहे तिथं मात्र 'मले-तुले' बिनधास्त यावं, 'डोये' (डोळे) आणि 'केयी' (केळी) यावीत. आणि वर्धा नदी लक्षात ठेवावी: नदीच्या पूर्वेला नागपूर प्रांत, तिथं मालगुजार (गावाचा सारा भरणारा जमीनदार), पश्चिमेला वऱ्हाड, तिथं पाटील-देशमुख. बुलढाण्याच्या गोष्टीत मालगुजार आला की तिथल्या वाचकाचा पुढच्या पानावरचा विश्वास जातो.

राण्या सोडून गावच्या साध्या बाईवर लिहायचं असेल तर काम वेगळं, आणि ते विदर्भात करता येण्यासारखं आहे. कोतवाल बुकात, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या वहीत, जन्माची नोंद असते ती 'अमुक वल्द तमुक यास मुलगी झाली' एवढीच. नाव नाही, कारण बारसं व्हायचं असतं. नंतर लग्न होतं, गाव बदलतं, नाव बदलतं. पुढे कागदावर ती येते ते बहुधा 'बेवा' म्हणून, नवरा मेल्यावर जमिनीच्या फेरफारात, नाही तर स्वतःच्या मृत्यूच्या नोंदीत. जन्मापासून वैधव्यापर्यंतची सगळी वर्षं कोरी. तरी ती ओळखता येते, थोडी उलटी वाट धरली तर. मृत्यूच्या नोंदीतलं वय घ्यायचं, पण त्यावर पाच-सात वर्षं इकडेतिकडे सोडायची, कारण कोतवाल वय पन्नास, साठ, सत्तर असंच लिहितो. नातेवाइकांकडून माहेरचं गाव काढायचं. त्या गावच्या जन्मनोंदींत बापाच्या नावावर किती मुली आहेत त्या क्रमानं मांडायच्या. मग बाप वारल्यानंतरचा फेरफार शोधायचा. 1956 च्या वारसा कायद्यानंतर मुलींची नावं वारसांत येऊ लागली, आणि त्याबरोबर हक्कसोडपत्रंही. हक्कसोड हा कागद मला फार बोलका वाटतो. सगळ्या बहिणी एका कागदावर, प्रत्येकीचं नाव, 'जौजे' म्हणून नवऱ्याचं नाव, सासरचं गाव, आणि खाली निळे-काळे अंगठे. जमीन भावाला सोडून देताना त्यांची नावं पहिल्यांदा एकत्र लिहिली जातात. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरवर मात्र जन्मतारखेसाठी विसंबू नये. 1 जुलै ही तारीख पानोपानी दिसेल, ती मास्तरांनी घातलेली असते.

कागद झाल्यावर आवाज. भादव्याच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाईची गाणी म्हणतात, त्यांत सासर-माहेराचे सगळे हिशेब आहेत. जात्यावरच्या ओव्या ज्यांना येतात त्या बाया आता सत्तरीच्या पुढे आहेत. रेकॉर्डिंगला बसवलं की त्या गप्प होतात. हाताला काही तरी काम दिलं, सूप दिलं, दाणे निवडायला दिले की ओवी आपोआप सुटते. ओवी संपली की लगेच पुढची मागू नये. त्या गाण्यात कोणाचं गाव आलं, कोणत्या भावाचं नाव आलं, ते विचारावं. आणि तिचं माहेरचं नाव विचारावं, आईचं नाव, आईच्या माहेराचं गाव. दोन पिढ्यांपर्यंत बहुतेकींना सांगता येतं. तिसऱ्या पिढीला त्या थांबतात, आठवतात, शेजारच्या जावेला विचारतात. फोनवरचं रेकॉर्डिंग तेवढ्यात बंद करू नये, कारण त्या दोघींत मग जे बोलणं सुरू होतं त्यात पुष्कळ काही असतं.